आज कोन शे?

आमच्या इमारतीची लिफ्ट तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत जायला पाऊण मिनिट घेते. आप्पा आत असले की हे पाऊण मिनिट फार लांबतं. दार बंद होतं, आप्पा छातीवर हात बांधतात आणि समोर सापडलेल्या माणसाला विचारतात, "आज कोन शे?"

नव्या माणसाला वाटतं, पाहुणे कोण आलेत ते विचारताहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं एकदा सरळ "आज मंगळवार शे, आप्पा" असं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी अकरा जून होता. आप्पांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्या धाकानं ते पोर अजूनही जिना चढूनच जातं.

आप्पांच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की आज आमच्या खिळ्यावर कोण आहे?

आता हा खिळा समजून घ्यायला हवा. आप्पा मूळचे धुळ्याचे. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, माणसं पत्त्यात नंबरच सांगतात, तशी आप्पांची गल्ली पाचवी. तिथं वडिलोपार्जित वाडा होता, दिवाणखान्याच्या भिंती दोन माणूस उंच होत्या आणि त्या भिंतींवर ओळीनं तसबिरी होत्या. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, हा त्यांचा उद्योग. मग भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडा बिल्डरकडे गेला आणि आप्पा, माई आणि आठ खोकी जळगावला मुलाच्या वन बीएचकेत आली. साडेचारशे चौरस फूट. त्यात मुलगा, सून, नातू, वॉशिंग मशीन आणि उन्हाळ्यात कूलर. कूलर धरून घरात सहा माणसं राहतात असं माई म्हणतात, कारण तो सगळ्यात जास्त बोलतो.

हॉलला भिंती चारच. एकीवर टीव्ही, दुसरीत खिडकी, तिसरीला कपाट टेकलेलं. चौथीत दार, आणि दार व स्विचबोर्ड यांच्या मध्ये हात-दीड हाताची पट्टी. भिंत काँक्रीटची, खिळा ठोकला की वाकतो. ड्रिल लागतं. मुलानं सांगितलं, "आप्पा, हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. भोकं दोनच पाडायची." एक भोक हॉलमध्ये पडलं, दुसरं स्वयंपाकघरात.

तसबिरी मात्र सात होत्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं सहा रद्दीत घातल्या असत्या, किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले असते. आप्पांनी आयुष्यभर बदल्यांचे आदेश टाइप केले होते. त्यांनी थोरांच्या बदल्या सुरू केल्या. जयंती किंवा पुण्यतिथी आली की तो माणूस खिळ्यावर रुजू होणार आणि पुढच्याची तारीख येईपर्यंत राहणार. खाली उतरला तो जुन्या धोतरात गुंडाळून दिवाणाखाली. याची रीतसर आवक-जावक वही आहे, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. "१५ नोव्हें. – विनोबा भावे, आवक. मो. क. गांधी, जावक. काच ठीक. मागे कोळ्याचे जाळे, काढले."

या पद्धतीत गांधीजींची चंगळ आहे. तीस जानेवारीला चढतात ते एप्रिल महिन्यापर्यंत कुणी हलवत नाही. विनोबांचं मात्र हालतं खातं. अकरा सप्टेंबरला खिळ्यावर येतात तो पंधराला विश्वेश्वरय्या दारात उभे. चार दिवसांसाठी कशाला चढवायचं, असं सूनबाई एकदा म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "विनोबांना चार दिवस पुष्कळ. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी अठरा रविवारांत अख्खी गीता सांगितली."

हे खरंच आहे. १९३२ सालच्या फेब्रुवारी ते जूनमध्ये विनोबा दर रविवारी बंद्यांपुढं गीतेवर बोलत, आणि त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. एवढं कुणीही सांगेल. आप्पांची भर अशी की त्यांचे आजोबा तेव्हा तुरुंगात दूध घालायचे. धुळ्यात जुन्या घरात चौकशी केली तर प्रत्येकाचा कुणीतरी त्या तुरुंगात असतोच. कुणी बंदी, कुणी पहारेकरी. आप्पांच्या वाट्याला दूध आलं. "गुरुजी आमच्या घरचं दूध प्यायलेत," असं सांगताना आप्पांचा आवाज दाटतो.

माई आतून म्हणतात, "म्हणून रडायचे असतील. अर्धं पाणी होतं म्हणतात त्यात."

माईंविषयी वेगळं सांगावं लागेल. त्यांचं माहेर आसोदा. म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. स्वयंपाकघरातलं दुसरं भोक माईंनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं आणि तिथं बहिणाबाईंना लावलं. आप्पा वही घेऊन गेले; चोवीस ऑगस्टला आवक, अकरा सप्टेंबरला जावक, असा हिशेब मांडला. माई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या माहेरचं माणूस पाळीत बसत नाही." वही मिटली. बहिणाबाई तेव्हापासून गॅसच्या वर, मिसळणाच्या डब्याशेजारी आहेत. फोडणीची वाफ काचेवर बसते आणि माई ती पदरानं पुसतात. मला स्वतःला ती जागा योग्य वाटते. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिची गाणी घरातल्या माणसांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली, तिच्यामागं वर्षभरानं, पुस्तक निघालं, ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी अवघडली असती.

आप्पांना हे पटलेलं नाही. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विद्यापीठाला भिंती पुष्कळ आहेत."

सगळ्यात हाल राजवाड्यांचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. म्हणून एकतीस डिसेंबरला ते चढतात आणि महिन्याभरात गांधीजींसाठी उतरतात. मी म्हटलं, जयंतीला आणखी एकदा लावा. आप्पा म्हणाले, "कोणत्या? या पुस्तकात जून, त्या पुस्तकात जुलै. पुरावा आणा, लावतो." ज्या माणसानं पुराव्याशिवाय कुणाला जवळ केलं नाही, त्याच्याच तसबिरीला त्याचाच नियम लागला. गावोगावच्या माळ्यांवरची, पेटाऱ्यांतली दप्तरं उपसून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. आता अकरा महिने ते स्वतःच दप्तरात, दिवाणाखाली, शेजारी नातवाची क्रिकेटची बॅट.

बालकवींचं वेळापत्रक पाच मेला सुरू होतं, आणि पाच मेला आप्पा भादलीला जातात. भुसावळच्या अलीकडचं छोटं स्टेशन. १९१८ साली तिथंच बालकवी रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. लिफ्टमध्ये आप्पांचं गणित असं आहे की बालकवी तिसऱ्या मजल्यापर्यंत आटपतात, गुरुजींना पाचवा लागतो, आणि राजवाड्यांना वीज जावी लागते. ती एकदा गेली. चाळीस मिनिटं. आत आप्पा, मी आणि एक पिझ्झावाला मुलगा. तो मुलगा आता बावीसही खंडांना ओळखतो.

भादलीला एका वर्षी मी बरोबर गेलो. गेलो म्हणजे सापडलो. सकाळी नऊलाच डांबर मऊ झालं होतं. आप्पांनी डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला, एक कांदा स्वतःच्या खिशात घातला, एक माझ्या. गाडीतून उतरलो. फलाटावर आम्ही दोघं, झाडाच्या सावलीत एक कुत्रं आणि सिग्नलचा खांब. मला वाटलं, आप्पा आता भाषण करतील. १९०७ सालच्या जळगावच्या कवी संमेलनात मिसरूड न फुटलेल्या ठोमऱ्यांच्या पोराला 'बालकवी' कसं म्हटलं गेलं, ते मला पाठ झालं होतं, मी मान डोलवायच्या तयारीत होतो. आप्पा काही बोलले नाहीत. रुळांकडे बघत उभे राहिले. एक मालगाडी गेली, कितीतरी वेळ जातच होती. गेल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढून एक घोट घेतला, एक मला दिला.

परत जायची गाडी पलीकडच्या फलाटाला लागणार होती. लोक सरळ रुळात उतरून पलीकडे जात होते, आठ-दहा पावलांचं काम. मीही पाय खाली टाकला. आप्पांनी माझं मनगट धरलं. हेडक्लार्कच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "इथं नाही," म्हणाले. आम्ही लांबचा वळसा घेतला. गाडी चुकली. पुढची येईपर्यंत दोन्ही कांदे शिजायच्या बेताला आले होते.

हे झालं बाहेरचं. घरात उन्हाळा वेगळीच अडचण घेऊन येतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की माईंचं वाळवण सुरू होतं. गच्चीवर बिबडे, नागलीचे पापड, कुरडया. सोबत वर्षाचे गहू. फ्लॅटमध्ये खापराचे मांडे होत नाहीत, चूल नाही, तेवढ्या एका गोष्टीवर माईंनी माघार घेतली. गव्हावर घेतली नाही. गहू कुठं ठेवायचा? दिवाणाखाली. मग थोरांनी जायचं कुठं?

तर शेजारी. दर आखाजीला आप्पा इमारतीत फिरून थोरांची सोय लावतात. विश्वेश्वरय्या पाचव्या मजल्यावर, कारण तिथं पाणी चढत नाही. खानदेशातल्या पहिल्याच नोकरीत त्यांनी पांझरेच्या पात्रातून नळ नेला होता. कॉलनीच्या मोटरचं काहीतरी बघतील, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. आमच्याकडे राजवाडे आले. "स्वभाव जरा तापट होता," आप्पांनी निघताना बजावलं, "पण खाण्यापिण्याचा त्रास नाही. स्वतः रांधून खायचे."

आमच्या हॉलमध्ये एक स्क्रू रिकामा होता, आधीच्या भाडेकऱ्याचं घड्याळ असायचं तिथं. बायकोनं राजवाड्यांना तिथं लावलं. पहिला आठवडा मी वेळ बघायला त्यांच्याकडे पाहायचो. मग सवय झाली. मुलीनं मैत्रिणींना ते आमचे पणजोबा म्हणून सांगून टाकलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. गप्पांत कुणी ऐकीव काही ठोकून दिलं की बायको नुसती भिंतीकडे बोट करायची. नातेवाइकांच्या कितीतरी कथा त्या बोटापुढं मागे घेतल्या गेल्या, त्यात माझ्याही तीन.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी गच्चीवर पोरांचा स्पीकर चढत होता, शेवभाजीचा घमघमाट जिन्यातून खाली येत होता, आणि आप्पा वही घेऊन दारात उभे. राजवाड्यांना उतरवलं. काच पाहिली, मागची बाजू पाहिली, "धूळ नाही" असं नोंदवलं, माझी सही घेतली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. बायको त्याच्याकडे बघत राहिली.

वर जाताना आप्पांना स्पीकरवाल्या पोरांनी अडवलं. "आप्पा, फोटो कोनाचा? बड्डे शे का?"

"नाही रे भो. पुण्यतिथी."

"मंग केक नही चालाव?"

आप्पांनी खरोखर विचार केला. "केक नको," म्हणाले. "शेवभाजी द्या वाटीभर. तिखट कमी."

अर्ध्या तासानं बेल वाजली. पुन्हा आप्पा, ओठाला शेवभाजीची तर्री आणि हातात साने गुरुजी. चोवीस तारखेपासूनचे सात दिवस आत्ताच संपले होते. दिवाणाखाली बघायला गेले तर सुनेनं तिथं नातवाची नवी सायकल आडवी करून ठेवलेली.

"अकरा जूनपर्यंत," आप्पा म्हणाले.

"भाऊजी, आमच्याकडे पसारा फार आहे," बायको म्हणाली. "गुरुजींना चालेल का?"

"गुरुजींचं काय, अंमळनेरच्या छात्रालयात ते पोरांच्या खोल्या स्वतः झाडून काढायचे. पोरं झोपेत असली तरी."

आप्पा गेले. गुरुजी फिकट चौकोनात बसले, थोडे तिरपे. बायकोनं चौकट सरळ केली, दोन पावलं मागे सरून पाहिली. मग सोफ्याखाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि दारामागचा झाडू काढून माझ्या हातात दिला.