इटलीत असं नसतं

प्रत्येक नात्यागोत्यात असे एक तरी काका असतातच. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून युरोपची टूर करून आलेले, आणि खरं तर अजून परत न आलेले. नागपूरच्या काकांनी इटली पाहिली ती आठ दिवसांत: रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस. टूरबरोबर आपले महाराज होते, त्यामुळे पिसाचा मनोरा बघत काकांनी खाल्ली ती पुरी-भाजी. इटालियन म्हणावं असं पोटात गेलं ते एवढंच: शेवटच्या रात्री हॉटेलच्या बुफेत मिळालेला तिरामिसूचा, म्हणजे कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांवर क्रीमचे थर देऊन केलेल्या गोड पदार्थाचा, चौकोनी तुकडा. त्या एका तुकड्याच्या जोरावर काका आजतागायत बोलताहेत.

वाक्य ठरलेलं. तर्री-पोह्यांच्या गाडीवर दुसरी प्लेट संपवताना, ‘इटलीत नाश्ता असा नसतो.’ महापालिकेने रस्ता खोदला की, ‘इटलीत असं नसतं.’ फ्लोरेन्सच्या बाहेर बस दोन तास अडकली होती, हे काकूंना नीट आठवतं. पण त्या बोलत नाहीत. संसार टिकवण्याचे काही नियम असतात.

डिसेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्यांनी बाजार भरला आणि काकूंनी संत्र्याचा तिरामिसू करायचं ठरवलं. काका खुर्चीतूनच म्हणाले, ‘तिरामिसूत संत्रं? इटलीत असं नसतं.’

असतं. सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर, जिथल्या लिंबांना युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण आहे, तिथे कॉफीऐवजी लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीची दारू, घालून तिरामिसू सर्रास करतात. एवढंच कशाला, तिरामिसूच्या क्रीममधलं मास्कारपोने हे चीजच मुळी तापलेल्या सायीत आम्ल घालून होतं, आणि घरी करणारे त्यासाठी लिंबूच पिळतात. म्हणजे लिंबूवर्गीय फळ या पदार्थाला परकं नाही. काकांनी बघितलं नाही इतकंच.

तिरामिसूचं घर म्हणून ज्याचं नाव घेतात ते त्रेविझो गाव व्हेनिसपासून जेमतेम तीस किलोमीटरवर. काकांची बस तिकडे वळली नाही. तिथल्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर हा पदार्थ 1972 मध्ये आला. करणारे होते मालकीणबाई आल्बा कांपेओल आणि मिठाईवाले रोबेर्तो लिंग्वानोत्तो. पण शेजारच्या फ्रिउली प्रांताला हे मान्य नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तोल्मेत्सो गावातल्या एका हॉटेलात तो 1950 च्या दशकातच होत असे. 2017 मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसू फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत घातला आणि त्रेविझो ज्या प्रांतात येतं त्या वेनेतोच्या प्रांतप्रमुखांनी जाहीर निषेध नोंदवला. म्हणजे इटलीत नक्की कसं असतं यावर इटलीतच एकमत नाही. ते फक्त नागपूरच्या काकांना ठाऊक आहे. त्याच वर्षापासून त्रेविझोत हौशी लोकांची तिरामिसूची जागतिक स्पर्धा भरते, आणि तिच्यात मूळ कृतीचा एक गट असतो तसा मनाजोगते बदल करणाऱ्यांचाही असतो.

काकांचा पुढचा प्रश्न आला, ‘ओव्हन तापत ठेवलास का?’ अस्सल तिरामिसूसुद्धा ओव्हनमध्ये जात नाही. भाजलेली असतात ती आतली बिस्किटं. काकूंनी उत्तर दिलं नाही. मग अंड्यांचा विषय निघाला. ‘इटलीत कच्ची अंडी घालतात,’ काकांनी ठणकावलं, आणि इथे ते पूर्णपणे बरोबर होते. लगेच आवाज खाली आणून विचारलं, ‘यात नाही ना घातलीस? आज गुरुवार आहे.’

नव्हती घातली. इटालियन सावोयार्दी बिस्किटांतही अंडं असतं, म्हणून काकूंनी बिनअंड्याचे टोस्ट आणले होते. व्हिपिंग क्रीम थंडगार भांड्यात फेटली. घरात नेहमी असते ती 25 टक्के स्निग्धांशाची साधी क्रीम तासभर फेटली तरी फुगत नाही. मास्कारपोने वेगळं, हलक्या हाताने मिसळलं, कारण ते जास्त घोटलं तर फुटतं. संत्र्याची साल फळ सोलायच्या आधीच किसली. नागपुरी संत्र्याची साल इतकी सुटी असते की सोलल्यावर किसणीवर तिच्या चिंध्या होतात. आणि आतला पांढरा भाग किसला गेला तर सगळं कडू. ही किसलेली साल क्रीममध्ये. रस तिथे नाही, थर पातळ होतो. रस साखरेबरोबर जरा आटवून, पूर्ण गार करून टोस्टसाठी.

रस काढताना मात्र काका खुर्चीतून उठले. मिक्सर बाजूला सारला. ‘बी चिरडली की कडवटपणा उतरतो,’ म्हणाले आणि ताटली घेऊन बसले. एकेक फोड हातात घ्यायची, पाठीवरचा पापुद्रा अंगठ्याच्या नखाने उकलायचा, बी दोन बोटांत अलगद बाहेर काढायची. दोन डझन संत्री. इतक्या वेळात इटलीचं नाव नाही.

संत्री आणलीही त्यांनीच होती. सकाळी फळबाजारात जाऊन, फळ हातात तोलून, देठाशी वास घेऊन. काकांचं गाव वरूड. आंबिया बहारासाठी झाडाला पाण्याचा ताण कधी द्यायचा, तो कधी तोडायचा, हे त्यांना वडिलांच्या मागे बागेत फिरून कळलेलं. ती बाग डिंक्याने गेली. बुंध्यातून डिंक झरायला लागला, मुळं कुजली, झाडं उभ्या उभ्या वाळली, आणि शेवटी जमीन विकावी लागली. मग काका वीज मंडळात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत ‘हो साहेब’ म्हणत राहिले. इटलीबद्दल आठ दिवसांच्या भांडवलावर बोलणारा हा माणूस, ज्या गावात लहानाचा मोठा झाला त्याबद्दल कधी बोलत नाही. ‘वरूडला असं नव्हतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून काकूंनीही ऐकलेलं नाही.

तिरामिसू रात्रभर फ्रिजमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत काकांनी दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी पुढे केली. काकूंनी अर्धीच भरली. काका वाटीकडे बघत म्हणाले, ‘इटलीत एवढंसं देत नाहीत.’

तुमच्याकडे असे काका असतील तर पदार्थ कसा झालाय, हे त्यांना चुकूनही विचारू नका. संत्री आणायला आणि बिया काढायला मात्र त्यांनाच बसवा.