विनाशुल्क मुखत्यार

तळोजे औद्योगिक वसाहतीतील एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता-तपासनीस म्हणून सारी हयात घालवून, पिंपांतील द्रव्यांना पास-नापासाचे दाखले देता देता जे निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरही रोज एखादी तरी वस्तू नापास केल्यावाचून ज्यांना अन्न गोड लागत नाही, असे एक गृहस्थ नावड्याच्या सिडको वसाहतीत राहतात. याच जातीचे पुरुष पूर्वी शेजाऱ्यांचे रेडिओ आणि मग स्कूटरी निवडून देत. कालमानानुसार यांच्या वाट्याला इलेक्ट्रिक गिटार आली. स्वतः त्यांनी गिटार कधी वाजवली नाही, आणि या उणिवेमुळे त्यांचा निर्णय निःपक्षपाती राहतो, असे त्यांचे प्रामाणिक मत आहे.

शेजारच्या अकरावीतल्या मुलाला वडिलांनी 15,000 रुपये मंजूर केल्याची वार्ता लागताच मुखत्यारपत्राची वाट न पाहता त्यांनी कारभार हाती घेतला. "सगळी रक्कम गिटारीत घालाल तर फसाल," त्यांनी बजावले. "निम्मा आवाज गिटारीचा, निम्मा अ‍ॅम्पचा. वायर, पट्टा, ट्यूनर यांची तजवीज आधी करा." सदनिकेच्या भिंतींची जाडी लक्षात घेऊन त्यांनी 10 वॉटचा, हेडफोन लावता येईल असा अ‍ॅम्प मुक्रर केला, त्यात शेजारी या नात्याने त्यांचे स्वतःचे हितसंबंध गुंतले होते हे खरे, पण सल्ला तेवढ्याने खोटा ठरत नाही.

खरे म्हणजे त्यांचा एकही सल्ला खोटा ठरत नाही, आणि हीच त्यांच्या सहवासातील मोठी अडचण आहे. पोलादी तारेचे कंपन चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या हजारो वेढ्यांत वीज कशी उत्पन्न करते, एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची 50 आवर्तनांची गुणगुणही कशी टिपतो, आणि गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली दोन उलटी वेटोळी जोडून तिचा बंदोबस्त कसा केला, हे सारे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितले की मुलाचे वडील अखेरीस कासावीस होऊन म्हणाले, "अहो, 1971 साली 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदरसिंगांनी वाजवली, तेव्हा एवढी चौकशी केली होती का?"

"बोटे भूपिंदरसिंगांची होती," मुखत्यार शांतपणे उद्गारले. "तुमच्या चिरंजीवांना तारा पट्ट्यांच्या जवळ हव्यात, नाहीतर आठवड्यात बोटे सोलून गिटार माळ्यावर जाईल."

नावडे रोड स्थानकावर दिवा-पनवेल गाडीची वाट पाहण्यापेक्षा, नोव्हेंबर 2023 पासून सुरू झालेल्या मेट्रोने पेंधरहून बेलापूर आणि तेथून लोकलने मुंबई गाठावी, असा हुकूम निघाला. धोबीतलावाच्या बाजूला वाद्यांची दुकाने आहेत. फुर्टाडोची पेढी तर 1865 पासूनची. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, आयबानेझ, कोर्ट अशी नावे वाटेतच घोकून झाली होती. दुकानात मात्र नावांचा मुलाहिजा न ठेवता, सुतार रंधलेल्या फळीकडे पाहतो तसे एक डोळा मिटून त्यांनी प्रत्येक गिटारीची मान न्याहाळली, फ्रेटच्या कडा तळहाताला टोचतात का पाहिले, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली, खुंट्या पिळल्या, आणि हलत्या ब्रिजच्या साऱ्या गिटारी, तार जुळवताना नवशिक्याची निम्मी उमेद संपते या सकारण शेऱ्यासह फेटाळल्या.

मुलाने आत शिरताक्षणीच केवळ रंगावर भाळून एका निळ्या गिटारीकडे बोट दाखवले होते. घटकाभराच्या परीक्षेअंती स्थिर ब्रिज, सरळ मान, एक दुहेरी आणि दोन एकेरी पिकअप अशा सर्व कसोट्यांस तीच उतरली, याचे मुखत्यारांना अतोनात दुःख झाले. "सशर्त पास," असा शेरा मारून त्यांनी पावतीवरील अनुक्रमांक दोनदा ताडून पाहिला.

खरेदीने प्रकरण दप्तरदाखल होते, अशी वडिलांची समजूत होती. पावसाळी हवेने लाकूड फुगते, सबब मानेतील सळईचा फेरविचार आवश्यक आहे, असे सांगून मुखत्यार संध्याकाळी अ‍ॅलन-किल्ल्यांचा जुडगा घेऊन हजर होऊ लागले. सळईला पाव वळसा दिला की मान स्थिरावण्यास एक दिवस द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी मोजणी. मोजणीत केसभर फरक. पुन्हा पाव वळसा. अशा रीतीने वाजवण्याचा कार्यक्रम दररोज तहकूब होत राहिला आणि मुलगा सर्व अवजारांची नावे शिकला.

पुढे मुखत्यार एका लग्नासाठी सहकुटुंब रोह्याला गेले, आणि त्या अवधीत मुलाने, कोणाचाही दाखला न घेता, तीन कॉर्ड बसवले. परतल्यावर जिन्यातूनच ते ऐकू येताच हातातली पिशवी खाली न ठेवता मुखत्यार दारात उभे राहिले.

"तिसरी तार चढली आहे, बाळा."

मुलाने ट्यूनर लावून पाहिला. तार चढलेलीच होती.