घर बघतोय

कुरुंदवाडचं पोरगं ऑस्ट्रेलियाला जातं आणि आईला फोनवर वर्षानुवर्षं एकच सांगतं, ‘घर बघतोय.’ बघायला बंदी नाहीच. बंदी आहे ती जुनं, बांधलेलं घर विकत घ्यायला. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७, परक्यांना. तात्पुरत्या व्हिसावरचा आपला गडीही परकाच.

इकडं गावात महापुराची सालं २००५, २०१९, २०२१. कृष्णा-पंचगंगेला ना व्हिसा लागला, ना कर्जमंजुरी. दोघी बहिणी थेट गावातल्या स्वयंपाकघरांत. ताबाही त्याच दिवशी!

आई म्हणते, ‘घे की सावकाश, गडबड न्हाई. जोतं तेवढं उंच बघ.’