गुडघ्यांना न विचारता लिहिणाऱ्यास

लेडीज स्पेशल सहलींच्या माहितीपुस्तिका लिहिणारे महोदय,



आपली ओळख नाही. पुस्तिकेवर आपलं नाव छापत नाहीत, हा मराठी साहित्यावर अन्यायच म्हणायचा. 'थोडंसं चालणं', 'हलकीशी चढण', 'निवांत दिवस' असं कल्पनारम्य लेखन हल्ली फार कुणी करत नाही. शेजारी बुटाचं चित्र असतं. एक बूट म्हणजे सोपी सहल, तीन बूट म्हणजे अवघड. तीन बुटांची सहल मी आपल्या पुस्तिकेत अजून पाहिलेली नाही. बायकांच्या सहलीत अवघड काही नसतंच, असं आपण घरी बसून ठरवलेलं दिसतं.

भूतानच घ्या. पारोजवळ कड्याला चिकटलेला तो तक्तसांग मठ, म्हणजेच टायगर्स नेस्ट. आपण लिहिता, "सकाळी टायगर्स नेस्टला भेट, दुपारी खरेदी." भेट! जणू मठच हॉटेलच्या लाउंजमध्ये येऊन बसणार आहे. मठ आहे ३,१२० मीटरवर, आणि गाडी सोडते तिथून चढ साधारण ५०० मीटरचा. घोडा मिळतो, पण वाटेतल्या कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंतच. उतरताना तोही नाही. पुढे मठ अगदी समोर दिसू लागतो, आता पोचलोच असं वाटतं, आणि नेमक्या तिथेच पायऱ्या खाली धबधब्याकडे उतरतात, मग पुन्हा वर चढतात. परतताना हेच उलट्या क्रमाने. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडून ठेवलाय: सपाटीवर ताशी तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. तोही धडधाकट माणसाचा, वाटेत न थांबता. त्यात दम खाणं नाही, फोटो नाहीत, "अगं, माझी बाटली कुणाकडे आहे?" नाही. आपल्या कचेरीत हा हिशोब अजून पोचलेला नसावा, कारण दुपारच्या खरेदीला आपण आम्हाला दोन वाजता उभं केलेलं असतं.

गिरनारच्या पानावर तर आपण दोनच शब्दांत बाजी मारलीत: "रोपवे उपलब्ध." खोटं अजिबात नाही. २०२० पासून रोपवे आहे. तो अंबाजीच्या देवळापाशी सोडतो. दत्तमहाराजांच्या पादुका त्याच्या पुष्कळ पुढे. दहा हजार म्हणतात त्या पायऱ्यांतला जवळपास अर्धा हिस्सा तिथून शिल्लक असतो. आधी गोरखनाथाच्या शिखरावर चढायचं, मग खाली उतरायचं, मग दत्तशिखर चढायचं. आणि दर्शन झाल्यावर गोरखनाथ पुन्हा आहेच. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो. पण आपल्या पुस्तिकेत उतार हा प्रकारच नाही, सगळीकडे चढणच, तीही हलकीशी. भाजीवाली पावशेर मिरची देताना काटा दाखवते. आपण अख्खा डोंगर अंदाजाने देता.

युरोपबद्दल फार लिहीत नाही. बस जुन्या गावाच्या वेशीबाहेरच थांबते, पुढे दगडी गल्ल्या. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. आपण मात्र "पॅनोरॅमिक टूर" म्हणून मोकळे.

आता लेह. मुंबईच्या बायका समुद्रसपाटीवरून निघतात आणि विमानातून थेट ३,५०० मीटरवर उतरतात. पहिले दोन दिवस विश्रांती हवी, असं तिथले डॉक्टर कानीकपाळी ओरडतात. आपण पहिल्याच संध्याकाळी शांतिस्तूप आणि बाजार ठेवता, कारण रिकामा दिवस पुस्तिकेत बरा दिसत नाही. शिवाय फॅमिली डॉक्टरांकडून 'फिट' असल्याचा दाखला मागता. महोदय, उंचीचा त्रास दाखला वाचत नाही. रोज पळणाऱ्या मुलीला होतो, आणि सत्तरीच्या मावशी खारदुंग-ला खिंडीत ठणठणीत उभ्या असतात. उलटही होतं. आधी सांगता येत नाही, म्हणूनच तर वेळ द्यायचा असतो. आणि पाणी भरपूर प्या, असं आपण ठळक अक्षरांत छापता. ते प्यायल्यावर पुढचं स्वच्छतागृह किती तासांवर, हे कुठेच नाही. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. पुस्तिका लिहिणारी बाई असती तर हे एक वाक्य राहिलं नसतं, अशी मला दाट शंका आहे.

पण खरी कमाल प्रत्यक्ष सहलीत. पुस्तिकेत सगळ्यांना जमणारी वाट डोंगराच्या पायथ्याशी अचानक निवडक होते. आपला तरुण टूर मॅनेजर एकेकीची कंबर आणि केस न्याहाळतो आणि म्हणतो, "काकू, तुम्ही इथेच बसा, मस्त कॉफी घ्या." काकूंनी पैसे सगळ्यांइतकेच भरलेले असतात. त्या काकू आळंदी ते पंढरपूर वारी चालत असतील, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, नऊवारीत. हे त्याला ठाऊक नसतं आणि तो विचारतही नाही. जाड दिसणारी थकते, बारीक दिसणारी चढते, इतकंच त्याचं शरीरशास्त्र. वर गटाची चाल पुढच्या दोघींच्या पायांवर ठरते. त्या पुढे जाऊन दहा मिनिटं बसतात, शेवटची धापा टाकत पोचते, की लगेच "चला चला!" जिला विसाव्याची गरज जास्त, तिच्या वाट्याला विसावाच नाही.

आम्हाला सोपी सहल नकोय. अवघड असेल तर अवघड म्हणा, आम्ही सहा महिने पर्वती चढू, किंवा ती सहल सोडून दुसरी घेऊ. त्यासाठी चढ किती मीटर, उतार किती, पायऱ्या किती, सलग किती तास, कठडा आहे का, मध्येच परत फिरायची सोय आहे का आणि बाथरूम कुठे, एवढं छापा. चकचकीत कागदावर जागा नसेल तर एखादं विशेषण काढा, भरपूर जागा होईल.

आमच्या भिशीतल्या चौघी गिरनारसाठी नावं नोंदवणार आहेत. पैसे भरण्याआधी त्या फोन करून गोरखनाथाचा चढ आणि उतार वेगवेगळा विचारतील. "काकू, काळजी करू नका" हे उत्तर धरलं जाणार नाही.

कळावे,
आगाऊ रक्कम अजून न भरलेली
एक प्रवासी