घर दाखवावे हौदापासून

छत्रपती संभाजीनगरात जुनं घर विकायला काढलेल्या समस्त काका-काकूंसाठी हे मार्गदर्शन आहे. नव्या स्कीमवाल्या बिल्डरकडे सॅम्पल फ्लॅट असतो, गोड बोलणारी पोरं असतात, गार पाण्याच्या बाटल्या असतात. आपल्याकडे सिडकोचं रो हाउस, त्यावर ऐपतीप्रमाणे चढवलेला एक मजला आणि रविवारची दुपार. एवढ्यावरच निभवायचं आहे.

सर्वप्रथम भ्रम सोडा. तुम्ही हॉलला रंग काढाल, पडदे धुवाल, शोकेसमधली काचेची हंसांची जोडी पुसून ठेवाल. आलेली पार्टी यातल्या कशाकडेही बघणार नाही. (घर बघायला माणूस येत नसतो, पार्टी येते. एकटा आला तरी ती पार्टीच.) चपला काढायच्या आधीच ती विचारेल, "काका, पाणी किती दिवसाला येतं?"

इथे विक्रेत्याचा कस लागतो. खरं सांगायचं नाही आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. प्रसन्न मुद्रेने म्हणायचं, "यंदा नाथसागर काय भरला होता!" जायकवाडी भरणं आणि आपल्या नळाला पाणी येणं या दोन स्वतंत्र घटना आहेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण धरण भरल्याचं ऐकून कोणी नाराज होत नाही. पार्टी तरीही अडून बसली तर नव्या पाणीपुरवठा योजनेचा इतिहास सुरू करा. 1680 कोटींची मंजुरी, 12 डिसेंबर 2020 चं भूमिपूजन, मग 2740 कोटींवर गेलेला खर्च, जायकवाडीपासून टाकलेली 2500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी. व्यास सांगताना दोन्ही हात पसरा. त्या नळीतून माणूस चालत जाईल, असं म्हटलं की पार्टी पाणी विसरून त्या माणसाचा विचार करू लागते.

म्हणून घर हॉलपासून नव्हे, हौदापासून दाखवावं. लोखंडी झाकण स्वतः उचलू नका, पार्टीला उचलू द्या. ती उकिडवी बसेल, मोबाइलची बॅटरी लावेल, आत डोकं घालून "ओ" असं म्हणून बघेल. आवाज घुमला की चेहरा खुलतो. मग पहिला आर्थिक प्रश्न येतो, "किती लिटरचा?" तुम्ही आकडा सांगायचा. मग गच्चीवरच्या टाक्या, मोटर किती एचपीची, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर गल्लीत वळतो का. तीस वर्षं कर्ज फेडून बांधलेल्या घरात लोक मुख्यतः खड्डा बघतात, याचं वाईट वाटून घेऊ नये. मलिक अंबरने 1610 साली इथे खडकी वसवली, तेव्हा त्यालाही नहर खोदावीच लागली होती. गावाची ती जुनीच खोड आहे.

पार्टीला नळाच्या दिवशी बोलवावं का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. बोलावलं तर पाणी येतं याचा रोकडा पुरावा मिळतो. पण त्या दिवशी अंगणभर पाइप असतात, मोटर घरघरत असते आणि काकू कोणाशीही सभ्यपणे बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. शिवाय पाणी कधी कधी रात्री अडीचला येतं. त्या वेळी येणारी पार्टी अजून आमच्या पाहण्यात नाही.

पाण्यानंतर वास्तू. आपल्या शहराला बावन्न दरवाजे, जायकवाडीला सत्तावीस आणि आपल्या घराला एकच, तोही नेमका दक्षिणेला. पार्टीसोबतचे भाऊजी उंबऱ्यात उभे राहून मोबाइलमधलं होकायंत्र काढतील. त्यांना अदबीने टीव्हीच्या जुन्या मोठ्या स्पीकरजवळ न्यावं. आत लोहचुंबक असतो. सुई गिरकी घेते, दिशा मवाळ होतात आणि भाऊजी "थोडं डिस्टर्बन्स आहे" म्हणून विषय सोडतात.

आजींना त्या रविवारी गारखेड्याला लेकीकडे पाठवा. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. आमच्या माहितीतला एक सौदा इसाराच्या टप्प्यावर आला होता. पार्टी चहा पीत होती. आजी मायेने म्हणाल्या, "घर लई चांगलंय बाबा, फक्त पावसाळ्यात त्या कोपऱ्यात निजू नका."

कागदपत्रांचं पाकीट वेगळं करून ठेवा. त्यातही गंमत आहे. खरेदीखतावर औरंगाबाद, घरपट्टीच्या नव्या बिलावर छत्रपती संभाजीनगर. 24 फेब्रुवारी 2023 ला नामांतराला केंद्राची मंजुरी आली ती त्या दोन कागदांच्या मधे केव्हातरी. हे एकच गाव आहे हे बँकेच्या वकिलाला पटवण्याची तयारी ठेवा, तो याच गावात जन्मलेला असला तरी. सिडकोचं घर असेल तर भाडेपट्टा, ट्रान्सफर आणि ना हरकत यांची फाइल लागेल. गुंठेवारीत असाल तर 2001 चा कायदा, 2021 ची दुरुस्ती आणि 31 डिसेंबर 2020 ही तारीख पाठ करा. उत्तर देताना अडखळलात की लाख-दोन लाख तिथेच कमी होतात.

आता रेट. आपला आकडा सांगताना टोयोटाचा उल्लेख करावा. 31 जुलै 2024 ला कंपनीचा सरकारशी करार झाला, तेव्हापासून बिडकीनचा कारखाना दाखवून टीव्ही सेंटरच्या रो हाउसचा भाव वाढवणं इथे शिष्टसंमत आहे. समृद्धी महामार्ग तोंडी लावायला घ्या. पार्टी शांतपणे ऐकून घेते आणि पन्नास लाखांच्या किंचित आतला आकडा सांगते, कारण तिथून पुढे एक टक्का टीडीएस कापून भरायची कटकट तिच्या गळ्यात पडते. मग ती म्हणते, "घर मिसेसच्या नावावर घ्यायचंय." महिलेच्या नावाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे सगळ्या नवऱ्यांना ठाऊक असतं. मात्र ज्यांच्या नावावर घ्यायचं त्या बाई तोवर स्वयंपाकघरात कट्ट्याची उंची स्वतःच्या कोपराने मोजत असतात. खरा निकाल तिथे लागतो. हॉलमधल्या वाटाघाटी हा केवळ शिष्टाचार.

पोहे पहिल्या तीन पार्ट्यांपर्यंत, त्यानंतर चहा, त्यानंतर पाणी. (पाण्याची किंमत वर आलीच आहे.) गल्लीतल्या शेजाऱ्यांनी "आमच्या साडूसाठी बघतोय" म्हणून चौकशी केली तर भाव पाच लाखांनी वाढवून सांगा. साडू नसतोच. त्यांना स्वतःच्या घराचा भाव काढायचा असतो, आणि वाढीव आकडा ऐकून ते तो गावभर खात्रीने सांगतात. एवढा प्रचार दोन टक्के घेणारा एजंटही करत नाही.

शेवटचा शब्द ‘कळवतो’. "घरी विचारून कळवतो" म्हणजे नको. "दोन दिवसांत कळवतो" म्हणजे दुसरं घर बघायला निघालोय. "नक्की कळवतो" म्हणजे तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही. वाचकांपैकी जे सध्या घरं बघत फिरताहेत त्यांना एकच विनंती आहे. नको असेल तर फोन करून ‘नको’ म्हणा. आम्हाला राग येत नाही. इकडे आम्ही इसारपावतीसाठी पाचशेचा बॉण्ड आणून ठेवलेला असतो.