एकहाती समीक्षा

बाळाला दात फुटायच्या आत बापाला मतं फुटतात, आणि दातांसारखीच ती रात्री ठणकतात. कुकर कितव्या शिट्टीला बंद करायचा यावरही ज्याला कालपर्यंत मत नव्हतं, तो माणूस डायपरच्या कडेचं इलॅस्टिक, बाबागाडीच्या चाकाचा आकार आणि दुपट्याच्या कापडाचा पोत यांवर सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत बोलत राहतो. मीही बोलतो. पण माझ्याकडे कसोटी आहे.

डाव्या कडेवर मूल आहे आणि उजवा हात मोकळा आहे. आता समोरची वस्तू वापरून दाखवा. जमलं तर वस्तू चांगली. नाही जमलं, तर विकणाऱ्यानं तिला किती तारे दिलेत याच्याशी मला कर्तव्य नाही. ही कसोटी मी कपड्यांना लावतो, गाड्यांना लावतो, चित्रपटांना लावतो आणि घरातल्या संगणकालाही लावतो. तिच्यातून फार थोडे सुटतात.

कपड्यांपासून सुरुवात करू. बाळंतविड्यातली झबली उघडल्यावर घरातल्या समस्त बायकांचा कंठ दाटून आला. जुन्या साडीचं मऊ सूत, काठाला बारीक टाके, आणि समोर बांधायला बंद. आता बंदाची गाठ मारायला दोन हात लागतात आणि सायकल चालवल्यासारखे पाय मारणाऱ्या कन्येला धरायला तिसरा. झबलं नापास. मग टिचबटणांचे अंगरखे आले. टिचबटण एका हातानं लागतं, यात शंका नाही. पण रात्री तीन वाजता दिवा न लावता सगळी लावून झाली की शेवटी एक बटण उरतं आणि त्याचा जोडीदार कुठेच सापडत नाही. राहता राहिलं वेल्क्रो. जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा स्विस अभियंता शिकारीहून परतला, तेव्हा कुत्र्याच्या केसांत काटेरी फळं अडकली होती. त्यांच्याकडे निरखून बघता बघता त्याला वेल्क्रो सुचलं आणि १९५५ साली त्यानं पेटंट घेतलं. एका हातानं लागतं, एका हातानं निघतं. पण निघताना ते ‘चर्रर्र’ असं जे ओरडतं, त्यानं नुकतंच झोपलेलं मूल आणि नुकतीच झोपलेली बायको दोघीही जाग्या होतात. कुत्रा जागाच होता, म्हणून मेस्ट्रालच्या हे लक्षात आलं नसावं.

बाबागाडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका हाताने घडी होते.’ हे वाचूनच मी ती घेतली. घडी होते. मात्र तो एक हात खटका ओढत असताना उजवा पाय मागच्या दांडीवर हवा, गुडघा बैठकीवर हवा आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायला हवं. छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढली ओवेन मॅक्लेरन या इंग्रज माणसानं, १९६५च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम करत होता. निवृत्तीनंतर नातवंडाची अवजड बाबागाडी बघितली आणि विमानाची चाकं मिटतात तर ही का मिटू नये, असं त्याला वाटलं. वाटणं रास्तच होतं. फक्त विमानाची चाकं जमीन सुटल्यावर मिटतात, आणि पुण्याच्या फुटपाथवर बाबागाडी न्यायची तर तिलाही आधी जमीन सोडता यायला हवी. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच विजेची पेटी, आणि टोकाला दुचाकी रोखण्यासाठी पुरलेले खांब. त्या खांबांमधून स्कूटर आरामात जाते, बाबागाडी अडकते. त्यामुळे आमच्याकडे आता संध्याकाळी कन्या माझ्या कडेवर असते आणि गाडीत पट्टा लावून दुधी, मेथी आणि कलिंगड फिरायला निघतात. येणारे-जाणारे वाकून आत बघतात आणि काय बोलावं ते न सुचून निघून जातात.

वॉकरबद्दल माझं मत तयार व्हायच्या आतच कॅनडा सरकारचं झालं होतं. मुलाला आत बसवून घरभर धावायला लावणाऱ्या वॉकरच्या विक्रीवर त्यांनी २००४ साली बंदी घातली. जुना वापरलेला विकायलासुद्धा. कारण सरळ आहे. चाकांवर बसलेलं मूल बापापेक्षा वेगानं जिन्यापाशी पोचतं. तिथे एक हात मोकळा असून भागत नाही, चार पाय लागतात. आमच्याकडे माळ्यावरून लाकडी पांगुळगाडा निघाला. त्यात आत बसायची सोयच नाही. मागे उभं राहायचं, दांडी धरायची आणि ढकलायचं. तोल गेला की गाडा आपल्या वाटेनं जातो आणि मूल आपल्या बुडावर बसतं. बॅटरी नाही, गाणं नाही, लुकलुकणारा हत्ती नाही. पैकीच्या पैकी गुण.

झोळीला तर मी त्याहून जास्त दिले असते. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली की दोन्ही हात मोकळे. बाळाला झोके देता देता माणूस पेपर वाचू शकतो. पण बाळाला झोपवायचं ते सपाट, घट्ट गादीवर आणि उताणं, असं डॉक्टरांनी बजावलं, त्यामुळे झोळी आमच्याकडे चित्रपटातच बघायला मिळते.

चित्रपट म्हणजे चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’, १९२१चा. बाबासामानाच्या दुकानात जाण्याआधी प्रत्येक बापानं तो बघावा. रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल चार्ली आपल्या माळ्यावरच्या खोलीत आणतो. खिशात छदाम नाही. तो कापडाची झोळी टांगतो. कॉफीच्या किटलीच्या तोटीला बूच लावून ती झोळीवर दोरीनं लोंबकळत ठेवतो, मूल हवं तेव्हा पितं. माझ्या आजीच्या बोंडल्याला दोरी लावली की हेच यंत्र होतं. खुर्चीच्या बैठकीला गोल भोक कापून खाली पिकदाणी ठेवली, की शी-शूची खुर्ची तयार. सगळं घरच्या घरी, आणि सगळं असं की माणसाचे हात दुपटी कापायला मोकळे राहावेत. मी आजवर घेतलेल्या सामानाची पावती आणि तो प्रसंग शेजारी शेजारी ठेवले, तर पावती शरमेनं पांढरी पडेल. (काही पडल्याही आहेत, हल्लीच्या पावत्यांची शाई टिकत नाही.)

‘द किड’ची दुसरी थोरवी म्हणजे तो मूकपट आहे. तान्हं मूल असलेल्या घरात चित्रपटाची पहिली पात्रता हीच. रिमोटवर आवाज शून्य असताना जो समजतो तो चांगला. या निकषावर सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘पुष्पक’ (१९८७) पहिल्या वर्गात येतो. कमल हासन असूनही अख्ख्या चित्रपटात संवाद नाही. त्याच्या खालोखाल ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). त्यात कुणी क्षणभर गप्प बसत नाही, पण मराठी घरात तो आवाज बंद करूनच बघावा. संवाद आपल्या डोक्यात आपोआप वाजतात. धोका एवढाच, की हसू दाबताना पोट हलतं आणि पोटावर कुणीतरी झोपलेलं असतं.

मुलांनी किती पडदा बघावा यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय. पहिली दोन वर्षं अजिबात नाही, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर तासभर, आणि तेही जितकं कमी तितकं बरं. आम्ही नियम पाळतो. तिची पाठ पडद्याकडे, माझं तोंड पडद्याकडे. बराच काळ ती माझ्याकडे एकटक, प्रेमानं बघते असा माझा समज होता. मग बायकोनं दाखवून दिलं, की कार्टी माझ्या चष्म्याच्या काचेत चित्रपट बघते. दोन्ही काचांत, म्हणजे दुप्पट.

ती मोठी झाली की काय दाखवायचं याची यादीही मी करायला घेतली. तेव्हा कळलं, की मुलांचे चित्रपट काढणाऱ्यांचा आईबापांवर काहीतरी जुना राग आहे. ‘बाम्बी’त (१९४२) आईला गोळी लागते. ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) बाप कड्यावरून पडतो. ‘फ्रोझन’मध्ये (२०१३) आईबाप दोघं जहाजासकट बुडतात. आपल्याकडचा राष्ट्रपती सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ‘श्यामची आई’. तिथेही शेवटी आई जाते, तीही घरभराला रडवून. या सगळ्यांत माझं मत ‘फाइंडिंग नीमो’ला (२००३). आई त्यातही पहिल्या काही मिनिटांतच जाते, पण मग उरतो तो काळजीनं अर्धा झालेला बाप आणि एक पर जन्मतःच लहान असलेला मुलगा. बाप समुद्रभर घाबरत फिरतो आणि पोरगं त्या दीड परावर सगळं निभावतं. बापानं बघावा असा चित्रपट आहे. मुलांना काय, मासे आवडतातच.

आता संगणक. घरून काम करायचं असतं तेव्हा बाप खुर्चीत, मूल मांडीवर आणि एक हात मुलाच्या पोटाभोवती. अशा वेळी मराठी टंकून बघा. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला दिलेली आहेत. दोन हात असतील तर ही वाटणी फार शास्त्रशुद्ध आहे. एकट्या उजव्या हातानं मात्र ‘बाळ झोपलं’ लिहायला जावं तर ‘बळ झपल’ उमटतं. बायकोनं तो निरोप वाचून काळजीनं फोन केला, आणि फोनच्या आवाजानं बळ उठल. बोलून टंकायची सोय आहे, असं मला तरुण सहकारी सांगतात. पण ज्या वेळी हात अडकलेले असतात, नेमकी त्याच वेळी बोलायचीही बंदी असते, हे त्यांना कळायला अजून अवकाश आहे.

काही गोष्टी तर मुद्दाम दोन हातांच्या केलेल्या असतात. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण मुलांना उघडता येऊ नये म्हणून असतं. ते मूल कडेवर घेतलेल्या बापालाही उघडत नाही, म्हणजे नेम थोडा लांब गेला. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटची कथाही तीच. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडलीनं संगणक पुन्हा सुरू करायला आधी ज्या कळा ठरवल्या होत्या, त्या सगळ्या डाव्या बाजूला होत्या. चुकून दाबल्या जातील या भीतीनं त्यानं शेवटची कळ उजवीकडे नेली. एका हातानं जमू नये, हाच हेतू. पुढे खुद्द बिल गेट्सनंही सांगितलं, की एकच बटण असतं तर बरं झालं असतं.

यावर उपाय सापडला तो कन्येला. तिला शिफ्टची कळ आवडते. ती पाच वेळा ओळीनं दाबली की विंडोजमध्ये एक चौकट उघडते आणि ‘स्टिकी कीज’ सुरू करू का, असं विचारते. आजवर जगातल्या प्रत्येक माणसानं ती चौकट न वाचता बंद केलेली आहे. एका हातानं ती बंद करायला जाताना माझ्याकडून वाचली गेली. कळा एकदम दाबायची गरज नाही, एकामागून एक दाबल्या तरी चालतील, अशी ती सोय. ज्यांना दोन्ही हात वापरता येत नाहीत अशा लोकांसाठी ती केलेली आहे, आणि विंडोज ९५पासून ती तिथेच बसून वाट बघते आहे. कंट्रोल, मग ऑल्ट, मग डिलीट. सावकाश, एका बोटानं. एवढ्या सगळ्यांत एका हाताचा विचार करून केलेल्या वस्तू तीन निघाल्या. पांगुळगाडा, दोरीची झोळी आणि ही चौकट. बाकी सगळं ज्यांनी केलं, त्यांचं मूल त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर होतं.

हा सिद्धान्त मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितला. ती पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत ऐकून घेऊन ती म्हणाली, “कसोटी कसली आलीय त्यात? तू कडेवर असायचास, पोळ्या तर व्हायलाच हव्या होत्या.” लाटायच्या कशा, असं मी विचारलं. तिनं डावा हात कमरेवर ठेवला, उजव्या हाताचा तळवा लाटण्याच्या मधोमध टेकवून पोळी गरागरा फिरवली आणि उचलून तव्यावर टाकली. गोल होती.

“आणि बाबा?”

“त्यांचे दोन्ही हात कायम मोकळे. म्हणजे एकात पेपर, एकात चहा.”

बाबांना हे बाहेर ऐकू गेलं असावं, कारण ते खाकरले. मी कन्येला उचललं आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. त्यांनी आधी चहा खाली ठेवला. मग उजव्या हातानं पेपर उलटायला गेले. पान अर्धं वळलं, मधली पुरवणी घसरून पडली, क्रीडापान नातीच्या मुठीत गेलं आणि अग्रलेख तिच्या तोंडात. थोड्या झटापटीनंतर बाबा आयुष्यात पहिल्यांदाच पेपरवर चिडले. पेपरातल्या बातमीवर नाही, पेपरवर.

“एवढ्या मोठ्या कागदावर पेपर छापतं कोण रे?”

आतून आई म्हणाली, “ज्याच्या हातात नात नसते तो.”