फुकट फिजिक्स आणि कायद्याची साठी

घरी बसून भौतिकशास्त्र शिकायचं ठरवलेला माणूस पहिला प्रयोग संगणकावर करतो: एका रात्रीत शेकडो पीडीएफ उतरवून घेतो. कुठून, ते विचारायचं नसतं. विचारलंच तर ‘पुस्तकं परवडतात कुठे?’ हे उत्तर तयार असतं. या उत्तरात आता फारसा दम नाही. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याने लेखक वारल्यानंतरचं नवं वर्ष उजाडलं की ६० वर्षं मोजायची, मग त्याचं लिखाण सगळ्यांचं. त्यामुळे फुकट वाचण्यासाठी लेखक थोर असून भागत नाही, तो पुरेसा मेलेला असावा लागतो. १८७९ साली गेलेला मॅक्सवेल या परीक्षेत केव्हाच पास झाला. १९५५ साली गेलेला आइनस्टाइन २०१६ मध्ये मोकळा झाला. पण जर्मन येत नसेल तर अनुवादकाचीही साठी भरावी लागते. आइनस्टाइनचे निबंध १९२० साली कलकत्त्यात इंग्रजीत आले, त्यात १९०५ च्या निबंधाचा अनुवाद मेघनाद साहांचा आणि १९१६ च्या निबंधाचा सत्येंद्रनाथ बोसांचा. साहा १९५६ साली गेले, बोस १९७४ साली. म्हणजे या हिशेबाने विशिष्ट सापेक्षता सुटली आणि व्यापक सापेक्षता २०३५ पर्यंत अडकली. काळ सगळ्यांसाठी सारखा धावत नाही, हे कायद्यालाही पटलेलं दिसतं.

यावर आक्षेप असा, की मॅक्सवेलच्या १८७३ च्या ग्रंथावरून आज कोण शिकणार? खरंच आहे. त्याच्या समीकरणांना आजचं सुटसुटीत रूप पुढे हेविसाइडसारख्यांनी दिलं. पण त्यासाठी सगळ्याच लेखकांच्या मरणाची वाट बघायची गरज नाही. फाइनमनच्या व्याख्यानांचे तिन्ही खंड कॅलटेकनेच वाचायला खुले ठेवले आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं आणि ओपनस्टॅक्सचं तीन खंडी ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ तर राजरोस उतरवून घेता येतात. फाइनमन मात्र उतरवता येत नाही, तिथेच वाचावा लागतो. लोक याला गैरसोय म्हणतात. मला तो उपकार वाटतो. उतरवलेलं पुस्तक वाचल्यासारखंच वाटतं, हा विद्यार्थ्याचा सर्वांत जुना भ्रम त्यामुळे टळतो.

उरला शेवटचा आक्षेप: हवं ते एखादं पुस्तक या वाटांनी मिळतच नाही. मग ते ग्रंथालयातून आणावं किंवा जुन्या बाजारात घ्यावं. घर्षणाचे नियम मागच्या आवृत्तीतही तेच असतात. शिवाय पैसे मोजलेलं पुस्तक माणूस निदान वसुलीसाठी तरी उघडतो. तेव्हा ‘पुस्तकं मिळत नाहीत’ ही तक्रार आता मागे घ्यावी. ‘गणितं सुटत नाहीत’ ही खरी तक्रार आहे, आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे.